उसन्या केसांचे रंग

हल्लीं शहरांतून आणि तालुक्याच्या गांवांतूनही लग्नसमारंभांत एक नवा प्रकार दृष्टीस पडतो. वेणी मुळाशीं काळीभोर असते, मानेखालीं ती तपकिरी होऊं लागते, आणि शेंड्याशीं येतां येतां तांब्याच्या भांड्यासारखी अगर पिकल्या गव्हासारखी झळकूं लागते. काळें कोठें संपलें व तांबडें कोठें सुरू झालें हें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. चौकशी केली तर पुष्कळदां असें कळतें कीं, ते केस त्या मुलीचे नव्हेतच. टोप आहे किंवा गंगावन आहे, आणि तें तिनें घरींच न्हाणीघरांत बसून रंगविलें आहे. वडील मंडळी नाक मुरडतात व 'साहेबी खूळ' म्हणून मोकळी होतात. फ्रेंच लोक या रंगरीतीस 'ओंब्रे' म्हणतात, म्हणजे छाया उतरविलेली. जाहिरातींतून तेंच नांव इकडे आल्यामुळें वस्तुही तिकडचीच असावी असा समज होणें स्वाभाविक आहे. पण नांवाच्या आधारें वस्तूचें कुळ ठरविणें ही इतिहासाची रीत नव्हे. उसने केस, त्यांना दिलेला रंग, आणि एका रंगांतून दुसऱ्यांत उतरत जाण्याची हौस या तिन्ही गोष्टींचा माग काढूं गेल्यास तो आमच्याच दाराशीं येऊन पोंचतो, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

आमच्या भाषेंत 'धूपछांव' हा सुंदर शब्द आहे. परंतु तो येथें लागू पडत नाहीं. धूपछांव वस्त्रांत ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि पाहणाराची नजर फिरली कीं रंग फिरतो. पैठणीचा पदर हातीं धरून हलविला म्हणजे हा खेळ दिसतो. वेणीच्या बाबतींत रंग जागेप्रमाणें पालटतो. पाहणारा कोठेंही उभा असो, शेंडा तो शेंडाच राहतो. म्हणून या लेखापुरतें आपण त्यास 'उतरता रंग' म्हणूं.

माझ्या विवेचनास मीं जालना जिल्ह्याचें निमित्त घेतलें आहे. औरंगाबाद व परभणी या जुन्या जिल्ह्यांचे तालुके मिळून १ मे १९८१ रोजीं झालेला हा जिल्हा आज लोखंडाच्या कारखान्यांसाठीं, बियाण्यांसाठीं व मोसंब्यांसाठीं प्रसिद्ध आहे. केशभूषेच्या इतिहासांत त्याचें नांव निघेल अशी कोणाची अपेक्षा नसते. परंतु भोकरदन आणि असई हीं दोन गांवें याच जिल्ह्यांत आहेत, आणि हीं दोन नांवें घेतलीं कीं अठराशें वर्षांच्या अंतरावरचे दोन अगदीं निराळे देखावे डोळ्यांपुढें उभे राहतात.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांस दान देणारांमध्यें भोगवर्धनच्या रहिवाशांचीं नांवें कोरलेलीं आहेत, यावरून या नगराच्या सुबत्तेची कल्पना येते. केळना नदीच्या कांठीं असलेल्या या गांवीं १९७३ सालीं मराठवाडा व नागपूर या दोन विद्यापीठांनीं मिळून उत्खनन केलें; शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनीं त्याचा वृत्तांत पुढच्याच वर्षीं प्रसिद्ध केला. तेथें सांपडलेल्या वस्तूंत एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा होती, आणि तिनें विद्वानांचें लक्ष एकदम इटलीकडे वेधलें. कारण १९३८ सालीं पाँपेई येथील एका घरांत अशाच घाटणीची हस्तिदंती स्त्री निघाली होती. ती सुमारें वीतभर उंचीची, अंगावर दागिनेच दागिने, दोन बाजूंस प्रसाधनाचें साहित्य घेतलेल्या दोन लहान परिचारिका, आणि मागें नीट गुंफून सोडलेला केशसंभार. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या राखेखालीं पाँपेई गाडलें गेलें. म्हणजे ही मूर्ति त्यापूर्वींच समुद्र ओलांडून गेलेली होती. दोन्ही मूर्तींतील साम्य पाहून पाँपेईची मूर्ति भोकरदनच्या बाजूची असावी असें कांहीं अभ्यासकांनीं सुचविलें. ती आरशाची मूठ होती कीं एखाद्या चौरंगाचा पाय होता याविषयीं मतभेद आहे. मला या वादापेक्षां तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूचें अधिक कुतूहल वाटतें. कारागिरानें जो भाग पाहणाराच्या नजरेस सहसा पडणार नाहीं तोही वेणीचे पेड मोजून कोरावा, यावरून ज्या समाजांत तो वावरत होता तेथें केसांकडे किती बारकाईनें पाहिलें जात असेल!

हस्तिदंताच्या वाटेनें केसही गेले, हें मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें. रोमन कायद्याच्या 'डायजेस्ट' नामक संग्रहांत मार्कस ऑरेलियस व त्याचा मुलगा कॉमोडस यांच्या काळची, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरची, एक जकातीची यादी जतन झाली आहे. पूर्वेकडून येणाऱ्या ज्या मालावर कर घ्यावयाचा त्यांत दालचिनी, मिरीं, हस्तिदंत, रेशीम यांच्या जोडीला 'भारतीय केस' असाही एक माल आहे. रोमच्या बायकांना टोपांची फार हौस. जर्मन कैद्यांच्या सोनेरी केसांचे टोप तेथें मिरविले जात, आणि ओव्हिड कवीनें तर आपल्या प्रेयसीचे केस रंग लावून लावून गळाले म्हणून तिला त्या उसन्या केसांची आठवण करून दिली आहे. सोनेरी केस उत्तरेकडून व काळे केस आमच्याकडून, अशी ही दुहेरी आयात असावी. ते काळे केस भोगवर्धनच्याच बायकांचे होते असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु येथील प्रसाधनाची मूर्ति ज्या व्यापारमार्गानें गेली त्याच मार्गावर केसांवरही जकात बसत होती, एवढें निश्चित.

आतां रंगाकडे वळूं. वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत सुगंधी द्रव्यांच्या अध्यायाचा आरंभच केस रंगविण्यापासून केला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, डोकें पांढरें झालें म्हणजे फुलें, अत्तरें, वस्त्रें व अलंकार यांतील कांहींच शोभत नाहीं. तेव्हां काजळ व दागिने यांची जशी काळजी घ्यावयाची तशीच केसांच्या रंगाचीही घ्यावी. ज्योतिषी असून तो येथें अगदीं संसारी माणसासारखा बोलतो. त्याची कृति अशी: लोखंडाच्या भांड्यांत हरकाचे तांदूळ आंबेत लोहचूर्णासह शिजवावे, बारीक वाटावे, आंबेनेंच आंबट केलेल्या केसांवर लेप द्यावा व वर ओलीं पानें गुंडाळावीं. दोन प्रहरांनीं तो लेप काढून आंवळ्याचा लेप द्यावा, पुन्हां पानें बांधून दोन प्रहर थांबावें व धुवावें. डोकें काळें होतें. पुढच्याच श्लोकांत लोखंडाचा व आंबटाचा वास घालविण्याचा उपायही आहे. म्हणजे हा प्रयोग करून पाहिलेला होता यांत शंका नको.

या कृतींतील रसायन आज सहज उलगडतें. आंबेनें लोखंड थोडें विरघळतें व तें केसांत शिरतें. मागून आंवळ्यांतील तुरट द्रव्य येतें आणि दोहोंच्या संयोगानें जागच्या जागीं काळा रंग तयार होतो. बोरू चालविणाऱ्या आमच्या कारकुनांची हिरडा व हिराकस यांची शाई याच तत्त्वावर होत असे. आणि ज्यानें ही शाई केली आहे त्यास हेंही ठाऊक असतें कीं, पहिल्या हातांत ती करडी दिसते, दुसऱ्यांत गडद होते व तिसऱ्यांत काळी होते. केसांचेंही तेंच. जेथें लेप अधिक वेळ राहील तेथें काळें, कमी वेळ राहील तेथें करडें. उतरता रंग शोधून काढावा लागला नाहीं. रंगारी चुकला कीं तो आपोआप होत असे. पुढें कोणी तरी ती चूक हेतुपुरस्सर करूं लागला, एवढेंच.

मग उसने केस आमच्या घरांत उघडपणें कां वावरले नाहींत? याचें कारण मला सोंवळ्याओंवळ्यांत दिसतें. डोक्यावर आहे तोंपर्यंत केस हें सौभाग्य, डोक्यावरून उतरला कीं तो अमंगळ. ताटांत एक केस निघाला तर पान टाकावें लागे. दुसऱ्याचे कापलेले केस पुरुषानें डोक्यावर घालणें ही कल्पनाच असह्य. शिवाय डोकें उघडें ठेवण्याची चाल नसल्यानें टक्कल पगडीखालीं सुखानें नांदत असे. स्त्रियांना मात्र गंगावनाची सवलत होती. जुनें गंगावन चमरी गाईच्या शेंपटीच्या केसांचें असे. म्हणजे तीच चवरी, जी देवावर ढाळली जाते. गाय हें नांव आड आल्यामुळें विटाळाचा प्रश्न सुटला. पुढें गंगावन माणसाच्या केसांचें होऊं लागलें तरी नांव तेंच राहिलें आणि नांवाच्या पावित्र्यावर वस्तु खपून गेली. धर्मशास्त्रापेक्षां बायकांची व्यवहारबुद्धि अधिक लवचिक असते याचें हें एक उदाहरण.

युरोपांत याच्या उलट. तेथें पुरुषांनींच टोप डोक्यावर घेतला. तेराव्या लुईचे केस अकालीं गेले म्हणून त्यानें टोप घातला आणि राजाला टक्कल पडल्यामुळें सगळ्या दरबाराला केस उगवले! चौदाव्या लुईच्या काळीं टोपाशिवाय सभ्य मनुष्य ही वस्तु उरली नाहीं. अठराव्या शतकांत त्या टोपांवर, व टोप नसल्यास स्वतःच्या केसांवर, गव्हाचें किंवा तांदळाचें पीठ भुरभुरण्याची चाल पडली. पांढऱ्याबरोबर निळसर व गुलाबी पीठही वापरीत. वरून पांढरें व आंत काळें, घाम आला कीं कडेनें विरत जाणारें, असें तें दुरंगी डोकें होतें. फ्रान्समध्यें भाकरीसाठीं बंडें होत असतां श्रीमंतांच्या डोक्यावर पीठ पडत होतें, ही गोष्ट लोक विसरले नाहींत. इंग्लंडांत १७९५ सालीं पिट प्रधानानें या पिठावर माणशीं एक गिनी वार्षिक कर बसविला आणि चालीचा शेवट जवळ आणला.

हा सर्व प्रकार असईच्या मैदानावर येऊन पोंचतो तो असा. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळना व जुई या नद्यांच्या बेचक्यांत शिंदे व भोंसले यांच्या फौजेशीं आर्थर वेलस्ली लढला. त्याच्या तीन आठवडे आधीं कर्नल स्टीव्हन्सन यानें जालन्याचा किल्ला घेतला होता. या लढाईचें वर्णन करण्याचें हें स्थळ नव्हे; मेलेल्यांच्या संख्येवरून पाहतां ती किती निकराची झाली हें सर्वश्रुत आहे, आणि पुढें वॉटर्लू जिंकल्यावरही वेलस्ली असईसच आपली सर्वोत्तम लढाई मानीत असे. मला येथें पाहावयाचें आहे तें त्या चौतीस वर्षांच्या सेनापतीचें डोकें. त्या वेळीं इंग्रज अधिकाऱ्यानें केसांना पीठ लावावें असा नियम होता. गोऱ्या सैनिकांच्या पाठीवर चरबीनें ताठ केलेली वेणी असे व ती १८०८ सालीं हुकुमानें कापली गेली. परंतु वेलस्लीबरोबर हिंदुस्थानांत आलेल्या जॉर्ज एलर्स नामक कप्तानानें आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे कीं, हा गृहस्थ नियम असूनही पीठ लावीत नसे, केस अगदीं आंखूड कापीत असे, आणि पिठानें घाम कोंडतो व प्रकृतीस अपाय होतो असें त्याचें मत होतें. म्हणजे भोकरदनच्या परिसरांत जेव्हां युरोपची सत्ता आली तेव्हां ती टोप घालून आली नाहीं, टोप उतरवून आली. आमच्या लोकांनीं पाहिलेला साहेब बिनपिठाचा होता. 'साहेबी खूळ' म्हणणाऱ्या वडील मंडळींनीं हें ध्यानांत घ्यावें.

महाराष्ट्रांत टोपाला खरें घर मिळालें तें रंगभूमीवर. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' केलें, आणि तेव्हांपासून सुमारें नव्वद वर्षें मराठी नाटकांतील नायिका बहुधा पुरुषच होती. तत्पूर्वीं लळितांत व तमाशांत सोंगें होतींच; ऋषींच्या दाढ्या व जटा तागाच्या किंवा अंबाडीच्या असत आणि नाच्या पोरगा स्वतःचे केस वाढवीत असे. परंतु १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, शकुंतला समोर बसून गाऊं लागली, आणि प्रेक्षकांचें लक्ष तिच्या चेहऱ्यावर व केसांवर खिळूं लागलें. राक्षसाची जट कशीही असली तरी चालते. शकुंतलेची वेणी चालत नाहीं. येथून टोप करणें ही कला झाली. जाळीवर एकेक केस गांठ मारून बसवावयाचा, कपाळाशीं तो विरळ ठेवावयाचा, म्हणजे कड दिसत नाहीं.

या कलेंत रंगाची अडचण फार सूक्ष्म आहे. जिवंत डोक्यावरचे केस कधींही एका रंगाचे नसतात. ज्यांस आपण काळेभोर म्हणतों त्यांतही तपकिरी, तांबूस अशा पुष्कळ छटा मिसळलेल्या असतात. म्हणून उन्हांत ते झळकतात. एकसारखा काळा रंग दिलेला टोप दिव्यांच्या उजेडांत डोक्यावर शाईचा डाग पडल्यासारखा दिसतो. कत्तलखान्यांतील खाटकासारखा जो रंगभूषाकार असेल तो तसाच टोप नटाच्या डोक्यावर ठेवील. जाणता असेल तो शेंड्याकडे किंचित् तांबूस झांक देईल. बालगंधर्वांनीं १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी काढल्यानंतर पोशाख व केशभूषा यांवर केलेल्या खर्चाच्या कथा आजही सांगतात. त्यांच्या नेसण्याची व गजरे माळण्याची नक्कल घरंदाज बायका करीत. म्हणजे पुरुषाच्या डोक्यावरील उसन्या वेणीवरून स्त्रियांनीं आपल्या खऱ्या वेणीची रीत उचलली! याहून मोठी मानवंदना टोपाला कोणत्या देशांत मिळाली असेल, मला ठाऊक नाहीं. बोलपट येण्यापूर्वींच्या चित्रपटांत मात्र हा उतरता रंग वायां जाई. त्या काळच्या फितीला तांबडा रंग कळत नसे, तो काळाच उमटे.

पण याच काळाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाहीं. ज्या घरांतील बायका नाटकास जाऊन सिंधूच्या केसांचें कौतुक करीत, त्याच घरांत माजघराच्या अंधारांत एखादी तरुण विधवा डोक्यावरून पदर ओढून बसलेली असे आणि ठराविक दिवशीं न्हावी मागल्या दारानें येत असे. तिचे केस कोणी विकले नाहींत, कोणी टोपाला लावले नाहींत. ते नदीला गेले किंवा जाळले गेले. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांनींच विधवांचें वपन करणार नाहीं असें ठरविलें. सुशिक्षितांनीं त्यापूर्वीं या विषयावर पुष्कळ लिहिलें होतें. परंतु हातांतला वस्तरा खालीं ठेवण्याचें काम ज्यांचें तो धंदा त्यांनीं केलें, ही गोष्ट आमच्या वर्गाच्या इतिहासांत जितकी ठळक असावयास पाहिजे तितकी नाहीं. रंगभूमीवर पुरुषाला वेणी हवी व घरांत स्त्रीला ती नको, हा विरोध त्या पिढीच्या डोळ्यांना कसा खुपला नाहीं, याचें उत्तर मला अद्याप समाधानकारक मिळालेलें नाहीं.

जालना त्या वेळीं मोगलाईंत होतें, म्हणजे निजामाच्या राज्यांत, व सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेंच राहिलें. या प्रदेशांत केसांच्या रंगास 'खिजाब' हा शब्द रूढ होता. आपण 'कलप' म्हणतों तोच. उंची खिजाब दोन हातांचा. आधीं मेंदी, मग नीळ. मेंदीचा रंगकण केसांतील प्रथिनाला घट्ट धरून बसतो व केस नारिंगी-तांबडा होतो. त्यावर निळीच्या पाल्याचा लेप दिला कीं तांबड्यावर निळें चढून काळें दिसतें. नीळ कमी वेळ ठेवली तर तपकिरी, अधिक ठेवली तर काळें. अत्तर व रंग यांचा धंदा मुसलमान कारागिरांच्या हातीं होता आणि कापडाचा रंगारी तर पेठेपेठेंत असे. औरंगाबादेस गुलमंडीजवळच्या एका भागाचें नांवच रंगार गल्ली आहे. एकाच निळीच्या पिंपांत लुगडें व एकाच पाल्यानें दाढी, असा हा शेजार होता. जर्मन कारखान्यानें १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आणली व पिंपें कोरडीं पडलीं. दाढीसाठीं मात्र पाला अजून विकला जातो.

येथें एक भेद सांगितला पाहिजे. उतरता रंग दोन दिशांनीं जातो. मुळाशीं काळें व शेंड्याशीं फिकें, हा उन्हाचा क्रम: केसाचा शेंडा जुना, त्यानें अधिक उन्हाळे पाहिलेले, म्हणून तो विटतो. मुळाशीं पांढरें व शेंड्याशीं काळें, हा वयाचा क्रम. कलप लावलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर महिन्याभरांत जो दिसूं लागतो तो. पहिल्याला आज फॅशन म्हणतात व दुसऱ्याला हंसतात. आणि एक तिसरा क्रम आहे, त्याचें नांव भूक. पुरेसें अन्न न मिळणाऱ्या मुलाचे केस तांबूस व विरळ होतात. मध्यें कांहीं दिवस बरे गेले तर तेवढ्या काळांत वाढलेला तुकडा काळा राहतो, पुन्हां उपास पडला कीं पुन्हां तांबूस. डॉक्टर लोक यास निशाणासारखा पट्टा म्हणतात. सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनीं १९३३ सालीं आफ्रिकेंतील मुलांच्या या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील रस्त्यांच्या व बंडिंगच्या कामांवर आईबापांबरोबर आलेल्या मुलांचीं डोकीं ज्यांनीं पाहिलीं, त्यांस हा रंग ओळखण्यासाठीं पुस्तकाची गरज नाहीं. हल्लींच्या तांबूस शेंड्यांकडे पाहतांना तीं डोकीं मला आठवतात. त्यांत त्या मुलींचा कांहीं दोष नाहीं.

केसांचा व्यापार आज पुन्हां मोठा झाला आहे. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें चिनी केसांवर बंदी घातल्यापासून हिंदुस्थानी केसांस मागणी वाढली. तिरुपतीचे केस लिलांवानें जातात, हें सर्वांस माहीत आहे. खेड्यांतील माल मात्र गुंतवळाचा. विंचरतांना निघालेलें गुंतवळ बायका भिंतीच्या फटींत खोंचून ठेवतात आणि फिरता व्यापारी आला कीं त्यावर भांडें, पिना किंवा फुगा घेतात. या दोन मालांत फरक आहे, व तो रंगवितांना कळतो. कापलेल्या केसांचीं मुळें एकीकडे व शेंडे एकीकडे असतात. गुंतवळांत तीं उलटसुलट मिसळलेलीं असतात. केसावर माशासारखे खवले असतात ते मग एकमेकांत अडकतात, म्हणून कारखान्यांत तेजाबाच्या पाण्यानें ते खवले काढून टाकतात. असा सोललेला केस रंग अधाशासारखा पितो, आणि डाग पडतात.

घरीं टोप रंगविणाऱ्या मुली कळत नकळत जुन्या रंगाऱ्याचेंच काम करीत असतात. टोप माणसाच्या केसांचा असेल तर तो आधीं धुवून तेलकटपणा काढावा, ओला असतांच उलटा टांगावा, शेंडे रंगांत बुडवावे, आणि कांहीं मिनिटांनीं दोन बोटें वर उचलावे, पुन्हां थोड्या वेळानें दोन बोटें. शेंडा सर्वांत अधिक वेळ रंगांत राहतो, वरचा भाग केवळ स्पर्शून जातो. सीमारेषा पुसण्यासाठीं रुंद दात्यांची फणी रंगांतून वरच्या दिशेनें ओढावी. लुगड्याचा पदर याच हातानें उतरविला जात असे. काळ्या केसावर फिका रंग चढत नाहीं, त्यासाठीं आधीं मूळ रंग उडवावा लागतो. वराहमिहिराजवळ त्याचा उपाय नव्हता, आज आहे, आणि तो केस ठिसूळ करतो. टोपास मुळांतून नवा केस येत नाहीं, तेव्हां बिघडला तो बिघडलाच.

कृत्रिम केसांची गोष्ट निराळी. १९५७ पासून जपानांत तयार होऊं लागलेला 'कानेकालॉन' व तसले इतर धागे हे प्लॅस्टिकचे भाऊबंद. मेंदी त्यांवर निथळून जाते, रंग उडविण्याचें औषध त्यांस बाधत नाहीं. त्यांस पॉलिएस्टर कापडाचा रंग गरम पाण्यांतून द्यावा लागतो, आणि पाणी बेताबाहेर तापलें तर केसांची सुतळी होते. घरीं होणारे बहुतेक घोटाळे हा धागा न ओळखल्यामुळें होतात. एक केस काढून काडी लावावी: माणसाचा केस जळक्या पिसासारखा वास देतो व चुरडतो, कृत्रिम केस वितळून गोळा होतो.

बाजारी काळ्या रंगाविषयीं दोन शब्द. १८५६ सालीं अठरा वर्षांच्या पर्किननें डांबरापासून जांभळा रंग काढला, त्याच कुळांतील एका द्रव्यावर आजचे बहुतेक पक्के कलप चालतात. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही पुष्कळदां तेंच असतें. कित्येकांस त्यानें पुरळ उठतें, डोळे सुजतात. उसने केस रंगविण्याच्या बाजूनें बोलावयाचें तर एवढें खरें कीं, टोप डोक्यावरून काढून रंगवितां येतो. तो नीट धुवून वाळविल्यावांचून मात्र डोक्यावर घेऊं नये.

ज्यांस घाई नाहीं त्यांच्यासाठीं मोगलाईंतील जुना दुहेरी खिजाब अजून सर्वांत सोपा आहे. मुळापासून शेंड्यापर्यंत मेंदी व नीळ सारखीच द्यावी. गंगावन प्रथम संपूर्ण काळें दिसतें. पुढें धुतां धुतां नीळ सुटूं लागते, मेंदी सुटत नाहीं. वाऱ्याउन्हाला व पाण्याला शेंडे अधिक सांपडतात, म्हणून सुटण्याचा आरंभ बहुधा तेथून होतो, आणि दोनतीन महिन्यांत खालून तांबूस रंग हळूहळू वर येऊं लागतो.